इंग्रजीची उजळणी : मराठी व्याकरणाच्या आधाराने

जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून सर्वश्रुत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर ‘लॉट नंबर’, ‘जर्मिनेशन’, ‘ट्रीटेड सीड’ असे शब्द आढळतात. औषध लावलेले बियाणे खाण्यास वापरू नये, ही सूचना वाचता येणे ही जीविताशी निगडित बाब होय. शालेय इंग्रजीचा विचार या दृष्टीनेही व्हावयास हवा.

राज्यात सन २००० पासून इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. तथापि, वरच्या इयत्तेत गेलेला विद्यार्थी ‘नाउन’ किंवा ‘व्हर्ब’ म्हणजे काय, या प्रश्नाशी पुष्कळदा अडतो. व्याख्या पाठ असते, परंतु वाक्यातील शब्द ओळखता येत नाही. म्हणून पाठ पुढे नेण्यापूर्वी मूलभूत परिभाषेची उजळणी अगत्याची ठरते.

ओळखीची परिभाषा

ही परिभाषा विद्यार्थ्यास सर्वस्वी परकी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. आज शाळेत शिकविल्या जाणाऱ्या मराठीतील शब्दांच्या आठ जाती इंग्रजीतील आठ जातींशी जुळतात. नाम म्हणजे नाउन, सर्वनाम म्हणजे प्रोनाउन, विशेषण म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह, क्रियापद म्हणजे व्हर्ब आणि क्रियाविशेषण म्हणजे अ‍ॅडव्हर्ब. शब्दयोगी अव्ययाला प्रिपोझिशन, उभयान्वयी अव्ययाला कन्जंक्शन आणि केवलप्रयोगी अव्ययाला इंटरजेक्शन म्हणतात. मराठीच्या तासाला ज्याने ‘शेतकरी’ हे नाम ओळखले, त्याला ‘फार्मर’ हा शब्द ओळखण्यास वेगळ्या व्याख्येची गरज नाही.

भेद कोठे आहेत?

शिक्षकाचा वेळ खर्च व्हावा तो भेद समजावण्यात. ‘शेतकरी कापूस वेचतो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘द फार्मर पिक्स कॉटन’ मध्ये ते कर्त्यामागोमाग येते. ‘झाडाखाली’ मधील ‘खाली’ हे अव्यय नामाला मागून जोडले जाते. ‘अंडर द ट्री’ मध्ये ‘अंडर’ नामाच्या आधी येतो. मराठीत ‘मुलगा जातो’ व ‘मुलगी जाते’ असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘गोज’ हेच रूप. ‘द’ या उपपदाला मराठीत समांतर शब्द नाही, म्हणून तो वारंवार वापरूनच अंगवळणी पडतो.

उजळणीची रीत

श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चारही कौशल्यांचा उजळणीत समावेश असावा. तासाच्या आरंभीची दहा मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत. शिक्षकाने एक वाक्य मोठ्याने म्हणावे, विद्यार्थ्यांनी ते ऐकून पुन्हा उच्चारावे, फळ्यावर वाचावे, त्यातील नाम व क्रियापद अधोरेखित करावे आणि शेवटी नाम बदलून नवे वाक्य वहीत लिहावे. वाक्ये शेत, बाजार, एस. टी. स्थानक अशा परिचित विषयांवरील असल्यास अर्थ समजावण्यात वेळ जात नाही.

जिल्ह्यातील काही कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलांचे मधले पाठ बुडतात. परतल्यावर त्यांना चालू पाठावर बसविण्याऐवजी या आठ शब्दजातींपासून आरंभ केल्यास तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो.

पंचायतीचा वाटा

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लोकप्रतिनिधींनाही स्थान असते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय करणे, परतलेल्या मुलांची यादी शिक्षकांना देणे आणि उजळणीचा तास नियमित होतो किंवा नाही हे पाहणे, ही कामे समितीला सहज करता येतील. पिशवीवरील सूचना वाचून घरच्यांना सांगणारे मूल प्रत्येक वस्तीत असावे, एवढे उद्दिष्ट समितीने डोळ्यांपुढे ठेवले तरी पुष्कळ कार्य साधेल.