भट्टीत पक्का होणारा रंग

मोटारीच्या इंजिनाला एकच एक तापमान नसतं. डॅशबोर्डवरचा काटा फक्त पाण्याचा ताप सांगतो आणि तो ८० ते ९५ अंशांच्या आसपास फिरतो. त्याच वेळी, त्या पाण्यापासून वीतभर अंतरावरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घाट चढताना ५००-६०० अंशांपर्यंत गेलेला असतो. म्हणून ‘इंजिनाला रंग मारायचा’ असं सरसकट म्हणता येत नाही. ब्लॉकला एक रंग लागतो, मॅनिफोल्डला दुसरा, आणि काही जागांना तर रंगाचा थेंबही लागता कामा नये.

हे सगळं जवळून पाहायला मिळालं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये. एका हौशी मालकाच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन तिथं सुटं करून ठेवलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही १०८९ सीसीची गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. आता ज्या उरल्यात त्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जातात, तिथं बॉनेट उघडून उभ्या राहतात. साहजिकच इंजिनाच्या रंगाला पूर्वी नव्हतं एवढं महत्त्व आलं आहे.

मिस्त्रींनी रंगाचा डबा कितीतरी उशिरा उघडला. आधी धुणं. ब्लॉक बिडाचा, तो गरम कॉस्टिकच्या टाकीत गेला. अ‍ॅल्युमिनियमचे भाग मात्र बाजूला काढून ठेवलेले, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं. ते भाग साध्या डिग्रीजरनं आणि ब्रशनं साफ करायचे. बीड धुऊन कोरडं दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. बिडात ग्राफाइट असतं, बारीक छिद्रं असतात, आणि वर्षानुवर्षांचं तेल त्यांत मुरलेलं असतं. मॅनिफोल्ड भट्टीत थोडा तापवल्यावर कोरड्या वाटणाऱ्या पृष्ठभागावर तेलाचे काळपट डाग वर आले. “आत्ता आलं ते बरं,” मिस्त्री म्हणाले. “रंगाखालनं आलं असतं, तर पापुद्रा धरूनच वर आलं असतं.” डाग पुसायचे, पुन्हा तापवायचं, फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

मग ब्लास्टिंग. नदीची वाळू इथं कधीच बंद झाली आहे, कारण तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण हवेच्या दाबानं मारतात. जुना रंग आणि गंज जातोच, शिवाय धातूवर एकसारखा खरखरीतपणा येतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. ब्लॉकची मात्र तेलाची आणि पाण्याची प्रत्येक वाट आधी बंद करावी लागते. तेलाच्या नळीत अडकलेला एक कण पुढे बेअरिंगला ओरखडे पाडू शकतो. म्हणून पोऱ्या बुचं मोजून लावतो आणि मोजून काढतो.

ब्लास्टिंग झालेलं बीड राखाडी, मखमली दिसतं, पण ते तसं फार वेळ राहत नाही. कोल्हापूरचा पावसाळा असेल तर काही तासांत त्यावर तांबूस छटा चढते. रंगकामाचा जुना नियम आहे: धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर असलं पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव त्यावर बसतं. त्यामुळे पावसाळ्यात मिस्त्री भाग किंचित कोमट करूनच गनखाली घेतात. उघड्या हातानं कुणी त्याला शिवत नाही. बोटांचा तेलकटपणाही पुरतो.

बॉडीच्या पेंटरला इथं दोन गोष्टी विसराव्या लागतात. खड्डे भरायला लांबी चालत नाही, कारण ती पॉलिएस्टरची, मॅनिफोल्डच्या तापाला जळून जाते. आणि खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर चालत नाही. वरचा रंग ६०० अंशांचा असला तरी खालचा साधा प्रायमर त्याच्या कितीतरी आधी जळतो आणि वरच्याला घेऊन सुटतो. मॅनिफोल्डवर रंग थेट धातूवरच बसतो.

हा रंग टिकतो कसा? साध्या ऑइल पेंटचा कणा कार्बनचा असतो; तो तापला की पिवळा पडतो, मग करपतो. उष्णतारोधक रंगात सिलिकॉन रेझिन असतं. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तोच बंध. तीनशे-चारशे अंशांच्या पुढे रेझिनमधला सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिकाची जाळी मागे राहते. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमची बारीक पत्री असते, ती एकावर एक सपाट बसून त्या जाळीत धरली जाते. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना; चंदेरी डब्यांवर बहुधा दिसणारा ६०० चा आकडा त्याच्या थोडा अलीकडचा आहे. लालभडक किंवा निळा मॅनिफोल्ड सहसा का दिसत नाही, याचंही उत्तर इथंच आहे: भडक रंगांची बरीच रंगद्रव्यं या तापात टिकत नाहीत. टिकतात ती धातूंची ऑक्साइडं आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणून दुकानात काळा, चंदेरी आणि करडा, एवढीच निवड असते.

गन चालवताना सगळं कौशल्य हात आवरण्यात असतं. बॉडीवर रंग भरघोस लागला की चमक येते. इथं तोच हात नडतो. एक थर सुकल्यावर २०-२५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. दोन थर पुरे. जाड थरात थिनर कोंडतो आणि भट्टीत फोड येतात. शिवाय धातू हलतो. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला की सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबतो, थंड झाला की पुन्हा आखडतो. पातळ थर त्याच्याबरोबर जातो, जाड थर तडकतो. गॅस्केटची सपाट जागा आणि आट्यांची भोकं टेपनं झाकलेली असतात. गॅस्केटखाली रंग राहिला तर तो जळून फट पडते आणि सायलेन्सर फुटल्यासारखा आवाज सुरू होतो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे काम झालं, असं नव्हे. तो सुकलेला असतो, पक्का झालेला नसतो. नखानं खरवडला तर निघतो, पेट्रोलचा बोळा फिरवला तर पुसला जातो. पक्का होतो तो भट्टीत: आधी कमी तापावर थिनर जाऊ द्यायचा, मग टप्प्याटप्प्यानं २०० अंशांच्या आसपास नेऊन धरायचं. कंपनीगणिक वेळ वेगळी, ती डब्यावर छापलेली असते. चूक होते ती घड्याळ कधी सुरू करायचं यात. भट्टीचा काटा आतल्या हवेचा ताप दाखवतो. जाड बीड त्या तापाला यायला बराच वेळ घेतं. घड्याळ धातू तापल्यावर सुरू करायचं. त्यासाठी मिस्त्री धातूला टेकलेल्या तारेचा मीटर वापरतात. बंदुकीसारखा इन्फ्रारेड मीटर चकचकीत किंवा चंदेरी पृष्ठभागावर फसतो, खऱ्यापेक्षा कमी ताप दाखवतो.

भट्टी नसेल तर इंजिनाच्या स्वतःच्या तापावरही रंग पक्का करता येतो: थोडा वेळ चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग जास्त वेळ चालवायचं. पहिल्या वेळी धूर येतो, वास येतो. ते अपेक्षितच आहे. शेडची दारं मात्र उघडी हवीत.

स्वस्त वाटेनं जाणारे मॅनिफोल्डला पावडर कोटिंग करून आणतात. ती पावडर मुळात १८०-२०० अंशांना वितळून बसवलेली असते. मॅनिफोल्डवर ती पहिल्याच घाटात करपते. टॅपेट कव्हरला, ब्रॅकेटना ती उत्तम. ब्लॉकलाही ६०० अंशांचा महागडा रंग लागत नाही. तिथं तेल आणि पेट्रोल सोसणारा चांगला इंजिन इनॅमल पुरतो. ज्या भागाला जेवढा ताप, तेवढाच रंग.

तेव्हा जुनं इंजिन रंगवायला देणार असाल, तर डब्यावरचा अंशांचा आकडा शेवटी विचारा. आधी तीन प्रश्न विचारा: मुरलेलं तेल काढणार का, मॅनिफोल्डला प्रायमर मारणार का, आणि भट्टीतली वेळ धातू तापल्यापासून मोजणार का. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आणि मधल्याचं ‘नाही’ आलं, तरच इंजिन तिथं सोडा.