लेखणीला व्यवसायाची जोड : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारी

समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाने ओळखला जातो. अक्षर वाटोळे व सुटे कसे असावे, ओळी सरळ कशा राखाव्यात, कागद, शाई आणि लेखणी कशी सिद्ध करावी, याचे बारकाईने केलेले विवेचन त्यात आढळते. ग्रंथाचे पहिले पान आणि शेवटचे पान एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असा समर्थांचा आग्रह आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही लेखन हे शिकण्याचे, सरावाचे आणि जबाबदारीचे काम मानले जात होते. आज मात्र लेखन ही केवळ उपजत प्रतिभेची देणगी, अशी समजूत रूढ झाली आहे. परिणामी, लिहिण्याची आवड असलेला विद्यार्थी तयारीवाचूनच थांबतो आणि ‘लिहून पोट भरत नाही’ या एका वाक्यात घरची मंडळी विषय संपवितात.

पालकांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या व्यवसायात उत्पन्नाची तारीख ठरलेली नसते, त्यात मुलाने उतरावे की नाही, ही चिंता रास्तच आहे. मराठीत केवळ पुस्तकांच्या मानधनावर संसार चालविणे बहुतेकांना शक्य झालेले नाही. व. पु. काळे हे मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते, व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर दीर्घकाळ काम केले, तर विजय तेंडुलकर आणि अरुण साधू यांनी वृत्तपत्रांत नोकरी केली. साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांना त्यांच्यातील वार्ताहराने पाहिलेल्या राजकारणाचाच आधार होता. चरितार्थाचे काम लेखनाच्या आड येतेच असे नाही. पुष्कळदा ते लेखनाला विषय पुरविते.

संधींचे खरे स्वरूप

व्यावसायिक लेखन म्हणजे केवळ कथा-कादंबरी नव्हे. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी मालिका, जाहिरात, पाठ्यपुस्तके, श्राव्य पुस्तके, चित्रपटांची उपशीर्षके, भाषांतर आणि संस्थांची ग्राहकांसाठीची माहितीपत्रके या सर्व ठिकाणी कोणीतरी लिहीत असते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत राजभाषा अधिकाऱ्यांची पदे असतात. त्यांची निवड ‘आयबीपीएस’च्या विशेषज्ञ अधिकारी परीक्षेतून होते. हिंदी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि पदवीस्तरावर इंग्रजी हा विषय, ही त्यासाठीची एक अर्हता आहे. महाराष्ट्र शासनाच्या, १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयातही अनुवादाचे काम चालते.

येथे इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू अथवा कन्नड अशा वातावरणात वाढल्यामुळे आपले मराठी कच्चे राहिले, अशी खंत त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. परंतु दोन भाषांत सहज वावरण्याची हीच सवय अनुवादकाचे मूळ भांडवल असते. मात्र त्या भांडवलाला व्याकरण आणि वाचन यांची जोड द्यावी लागते.

तीन वर्षांचा आराखडा

पदवीच्या पहिल्या वर्षी भाषेचा पाया घालावा. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले आणि राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, हे सर्व मिळून अवघे अठरा नियम आहेत. सुट्टीत ते आत्मसात करणे कठीण नाही. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ यांपैकी एखादा ग्रंथ टेबलावर सदैव असावा. युनिकोडमधील मराठी टंकलेखनही याच वर्षी शिकून घ्यावे. संपादकाला हस्तलिखिताचे छायाचित्र पाठविण्याचे दिवस आता उरलेले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मुदतीत लिहिण्याची सवय लावावी. महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक, भित्तिपत्रक, एकांकिका स्पर्धा आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या पुरवण्या ही त्यासाठीची तालीम होय. मुदतीने लेखन निस्तेज होते, असे मानणाऱ्यांनी गीतरामायणाचे स्मरण करावे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले. त्यानंतर वर्षभर आठवड्यामागून आठवडा ग. दि. माडगूळकर नवे गीत लिहीत राहिले आणि सुधीर फडके त्याला चाल देत राहिले. अशी छप्पन्न गीते झाली. प्रसारणाची वेळ कोणासाठी थांबत नव्हती. तरीही त्या गीतांचा दर्जा आजही सर्वमान्य आहे.

तिसऱ्या वर्षी लेखनाचे एक क्षेत्र निवडावे आणि त्याचबरोबर एका विषयाची सखोल माहिती मिळवावी. ज्याला केवळ लिहिता येते त्याच्यापेक्षा, ज्याला शेती, आरोग्य, कायदा किंवा अर्थव्यवहार समजतो आणि लिहिताही येते, त्याला काम लवकर मिळते. म्हणूनच वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने आपण चुकीच्या शाखेत आलो, असे मानू नये. पत्रकारितेसाठी पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि पटकथालेखनासाठी तेथीलच फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट यांचे प्रवेशाचे नियम वेळीच पाहून ठेवावेत.

सरावासाठी एक पाठ

बँकेच्या पत्रव्यवहारातील एक नमुना पाहा. ‘सदर कर्जखात्यावरील थकीत रकमेचा भरणा विहित मुदतीत न केल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण कर्जदाराला त्यातून काय करायचे ते कळत नाही. आता हे वाचा. ‘आपल्या कर्जाचा एक हप्ता थकला आहे. तो या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरावा. त्यानंतर दंडशुल्क लागेल. अडचण असल्यास शाखेत येऊन भेटावे.’ पहिल्या वाक्याने माणूस घाबरतो, दुसऱ्या मजकुराने तो शाखेत येतो. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्यातील प्रादेशिक मजकूर सुबोध करणारी माणसे हवीच आहेत. आठवड्यातून एक सरकारी सूचना घेऊन ती आजीला समजेल अशा मराठीत लिहून पाहावी. यासारखा फुकटचा शिकवणीवर्ग दुसरा नाही.

यंत्र लिहू लागल्यावर

२०२२ च्या अखेरीपासून संगणकाकडून मजकूर लिहवून घेण्याची साधने सर्वांच्या हाती आली आणि ‘आता लेखक हवेत कशाला?’ हा प्रश्न उभा राहिला. साचेबंद कामे कमी होणार, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ‘सिक्युरिटी’ हा एकच शब्द घ्या. कर्जाच्या कागदपत्रांत तो ‘तारण’ असतो, गुंतवणुकीत ‘रोखा’ आणि दाराशी उभ्या रखवालदाराच्या संदर्भात ‘सुरक्षा’. यंत्राने निवडलेला शब्द बरोबर की चूक, हे ओळखून त्याखाली आपले नाव घालण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. चूक ओळखण्यासाठी स्वतःला अचूक लिहिता आले पाहिजे. विद्यार्थिदशेत सरावाचे लेखन यंत्राकडे सोपविणारा ही क्षमताच गमावून बसतो.

हक्क आणि हिशेब

लेखकाच्या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग व्यवहाराचा आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखक असतो. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. एवढे चार मुद्दे ठाऊक असलेला तरुण ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली डोळे मिटून सही करणार नाही.

पहिल्या मानधनापूर्वीच पॅन आणि बचत खाते असावे. प्रत्येक कामाचे बिल द्यावे, मानधन आणि मुदत लेखी ठरवावी. मानधनातून उद्गम कर कापला गेला असल्यास विवरणपत्र भरावे. देय करापेक्षा अधिक कपात झाली असेल तर ती रक्कम परत मिळते. उत्पन्न अनियमित असल्याने चांगल्या महिन्यातील काही भाग बाजूला काढून किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक उभी करावी. तिच्या आधारावर लेखक अयोग्य कामाला नकार देऊ शकतो. भविष्य निर्वाह निधी देणारा मालक नसल्याने, पंधरा वर्षे मुदतीच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत लहान रकमेने का होईना, लवकर आरंभ करणे हिताचे.

नवोदितांसाठी काही आधारही उपलब्ध आहेत. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून ३५ वर्षांच्या आतील लेखकांना दिला जातो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री युवा योजनेत ३० वर्षांखालील ७५ लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती देण्याची तरतूद होती आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांना तीत स्थान होते.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने ‘मला लेखक व्हायचे आहे’ असे सांगितले, तर पालकांनी तत्काळ होकार वा नकार देऊ नये. रोज किती लिहितोस, कोणता विषय जाणतोस आणि पहिली दोन वर्षे खर्च कसा भागविणार, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. ज्याच्यापाशी त्यांची उत्तरे असतील, त्याच्या पाठीशी उभे राहावे. ज्याच्यापाशी नसतील, त्याला ती शोधण्यासाठी पदवीची तीन वर्षे द्यावीत.