कुत्र्याला घेऊन जंगलाकडे सुट्टीला जाताय? रेबीज, गोचीड आणि परतल्यानंतरचा ताप

"डॉक्टर, दिवाळीत नागभीडला गावी जातोय, तिथून ताडोबाही करू. कुत्र्याला सोबत न्यायचं, चालेल ना?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. न्यायला हरकत नाही, पण त्याला जंगल दाखवता येणार नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात किंवा 2018 मध्ये घोषित झालेल्या घोडाझरी अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. त्यालाही कारण आहे. कुत्र्यांमधला डिस्टेंपर वन्यप्राण्यांना होतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, त्यात हा विषाणू सापडला होता. म्हणजे सफारीच्या वेळी घरातलं कुणीतरी कुत्र्याजवळ थांबायला हवं. बंद गाडीत त्याला कोंडून जाऊ नका, उन्हात गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

मुक्कामाची जागा ठरवताना फोनवर एवढंच विचारा: कुत्रा रात्री खोलीत झोपलेला चालेल का? "बाहेर व्हरांड्यात बांधा" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. इथे वाघ-बिबटे गावांच्या अगदी जवळ वावरतात आणि बांधलेला कुत्रा ही बिबट्यासाठी सोपी शिकार असते. पहाटे किंवा अंधारात त्याला फिरवायला एकट्याने जाऊ नका, मुलांच्या हाती साखळी देऊन तर नकोच.

आता डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. नवीन कुत्रा दिसला की गावातली कुत्री अंगावर येतात, भांडण जुंपतं, सोडवायला मालक मध्ये पडतो आणि त्यालाच चावा बसतो. कधी तो आपल्याच कुत्र्याचा असतो, म्हणून घरी कुणी बोलतही नाही. "आपल्याला लस टोचलीय" म्हणून थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, चुना, मिरची काही नको. त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. दंडात स्नायूत देतात ती लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. सरकारी दवाखान्यात त्वचेत देतात तेव्हा 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते सगळीकडे मिळतंच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर सहसा 0 आणि 3 असे दोनच डोस पुरतात, म्हणून जुना कागद जपून ठेवा. चावणारा कुत्रा आपला किंवा ओळखीचा असेल तर 10 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, पण लस सुरू करायला तेवढे दिवस थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार जवळपास निष्फळ ठरतात.

कुत्र्याची रेबीजची लस निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी झालेली हवी. आदल्या दिवशी टोचलेल्या लसीवर भरवसा ठेवता येत नाही. गोचिडांचं औषधही पशुवैद्यकाकडून घ्या.

फिरून आल्यावर त्याचे कान, बगला, बोटांमधली जागा तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल किंवा काडीचा चटका नको. माणसाच्या अंगावरही बघा. गोचिडांमुळे एक प्रकारचा टायफस ताप येतो. स्क्रब टायफस मात्र कुत्र्यामुळे होत नाही, तो झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो आणि विदर्भात पावसाळ्यानंतर आढळतो. कुत्र्यामागे गवतात शिरणाऱ्याला तो धोका असतोच. काखेत, जांघेत, कमरेला न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरीच गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना सांगा की आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात होतो, कुत्रा सोबत होता, धानाच्या बांधावर चिखलात फिरलो. एवढं कळलं की आम्ही मलेरिया, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार लगेच करतो. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेवर दिलं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर तोच आजार फुप्फुस आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो.