कान्हेरीचीं माकडें आणि आपलें पुण्य

गेल्या पौषांतील एका शनिवारीं आम्ही सहकुटुंब बोरिवलीच्या रानांत कान्हेरीचीं लेणीं पाहण्यास गेलों होतों. मारुतीचा वार म्हणून आमच्या मंडळींनीं डझनभर केळीं बरोबर घेतलीं. प्राण्यांस खावयास घालूं नये, अशी पाटी मीं वाचली होती. परंतु घरांतील श्रद्धेस कशाला दुखवा, म्हणून गप्प राहिलों. पायऱ्यांवर एका माकडानें दांत विचकले. “आजोबा, हसतंय बघा!” असें म्हणत नातू केळें घेऊन पुढें सरसावला, आणि क्षणार्धांत त्याच्या मनगटावर रक्ताळलेला ओरखडा उमटला. केळें गेलें, नातवाच्या वांट्यास लशीच्या सुया आल्या.

तें माकड हसत नव्हतें. ओठ मागें ओढून दांत दाखविणें हें माकडांच्या भाषेंत बहुधा भयाचें चिन्ह असतें. तोंड वासून टक लावणें ही धमकी. ही लिपि आपणांस वाचतां येत नाहीं, आणि तरी आपण जवळ जातों.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. तेथें आढळणारें, डोक्यावर टोपीसारखा केसांचा भोंवरा असलेलें माकड मूळचें दक्षिण भारतांतील. फळें, कोंवळीं पानें, बिया, किडे हें त्याचें स्वाभाविक अन्न. तें शोधण्यांत त्याचा दिवसाचा मोठा भाग जातो. प्रवाशांचें केळें मात्र घटकेंत मिळतें. मग कळप वाटेवरच ठाण मांडतो, आणि एके ठिकाणीं पडलेल्या खाद्यावरून आपसांत झोंबाझोंबी होते. बंडीपूरच्या अरण्यांतील याच जातीचीं माकडें माणसापुढें हात पसरून, विशिष्ट साद घालून खाणें मागतात, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे. स्वावलंबी वनचरास आपण भिक्षेकरी केलें!

याहून सूक्ष्म हानि डोळ्यांस दिसत नाहीं. मोरोक्को देशांतील अ‍ॅटलास पर्वतांत बार्बरी माकडांच्या नरांवर केलेलें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. माणसें जवळ आलीं, मग तीं नुसतीं पाहणारीं असोत, खाऊ देणारीं असोत वा हुसकावणारीं असोत, माकडें आपलें अंग अधिक खाजवीत. असें खाजविणें हें अस्वस्थतेचें लक्षण होय. शरीरावर ताण पडला म्हणजे जे रस रक्तांत उतरतात, त्यांचे अवशेष विष्ठेंत सांपडतात. त्यामुळें प्राण्यास न पकडतां ताण मोजतां येतो. जेथें माणसांशीं भांडणतंटे अधिक, तेथें हे अवशेषहि अधिक आढळले. म्हणजे ज्यास आपण प्रेमानें केळें देतों, तोहि मनांतून धास्तावलेला असतो. ‘कपि’ हा शब्द वैयाकरण ‘कम्प्’ धातूपासून साधतात. वर्गांत तो चंचलतेचा अर्थ मीं किती वेळां सांगितला असेल! त्यांत भीतीचा कंपहि असूं शकेल, हें कधीं मनांत आलें नाहीं.

वाचकांस विनंति इतकीच, कीं रानांत जावें, पण रिकाम्या हातानें. खाद्य बंद पिशवींत ठेवावें, माकडांपासून दूर उभें राहावें, त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवूं नये, आणि मुलांस हें घरूनच शिकवून न्यावें.

मीं हें सारें घरांत वाचून दाखविलें. मंडळी कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या शनिवारीं मारुतीस दाखविलेलीं केळीं त्यांनीं चाळींतल्या मुलांस वाटलीं. पहिलें केळें पट्टी बांधलेल्या हातावर ठेवलें.