शुक्रजंतू आणि कॅल्शियम

लग्नाला तीन-चार वर्षे होऊन पाळणा हलला नाही की घरात बोट सुनेकडे वळते. गाय गाभण राहिली नाही तर आपण वळू बदलून पाहतो, वीर्यकांडी चांगली होती का म्हणून विचारतो. माणसांत मात्र पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी! म्हणून पुरुषबीजाविषयी थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

शुक्रजंतू ही डोके, मान व शेपूट असलेली एकच पेशी. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. तिची बहुतेक कामे कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात. बाहेरच्या द्रवात कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. भरल्या पाटाशेजारी कोरडा वाफाच म्हणा ना! दार किंचित उघडले तरी लोंढा आत शिरतो. आत आलेले कॅल्शियम पेशीच्या आवरणातील पंप सतत बाहेर उपसत असतात. थोडे कॅल्शियम दोन ठिकाणी राखूनही ठेवलेले असते, एक डोक्यावरच्या टोपीत व दुसरे मानेत.

शेपटीवरच्या दाराला 'कॅटस्पर' म्हणतात. २००१ साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी ते उंदरांत शोधले. ज्या नरांत ते नव्हते ते वांझ निघाले. माणसात हे दार कोण उघडते, याचे उत्तर २०११ साली जर्मनी व कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी वेगवेगळे काम करून दिले. स्त्रीबीजाभोवतालच्या पेशींतून प्रोजेस्टेरॉन नावाचा रस पाझरतो, तोच हे दार उघडतो. मग शेपूट आसुडासारखी फटकारू लागते आणि मानेतला साठाही मदतीला येतो. पुढे टोपी फुटून तिच्यातला पाचक रस सुटतो. हे सारे बीजाजवळच व्हावे लागते. टोपी आधीच फुटली तर तो शुक्रजंतू वाया गेला.

गोठवलेल्या वीर्यात हीच अडचण येते. थंडीने पेशीचे आवरण दुखावते, कॅल्शियम आत झिरपते आणि वितळलेले शुक्रजंतू फार काळ टिकत नाहीत. गाय माजावर असताना रेतनाची वेळ नेमकी साधावी लागते ती यासाठी.

कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या तर? शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडादातांत असते व रक्तातले प्रमाण शरीर स्वतःच सांभाळते. कमतरता नसताना गोळ्या घेऊन शुक्रजंतूचे दार सुधारत नाही. तंबाखूला चुना लावणाऱ्यांनी तर कॅल्शियमचे नावच काढू नये. तंबाखू शुक्रजंतूंना अपायकारकच आहे.

दवाखान्यातल्या नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल व आकार दिसतो, हे दार दिसत नाही. क्वचित एखाद्याचा अहवाल उत्तम असतो, पण दार जन्मतः सदोष असते. तेव्हा अहवाल चांगला आला म्हणून दोष पत्नीचाच, असे ठरत नाही. तरीही सुरुवात याच साध्या तपासणीने करावी. नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध टाळावा. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगावे. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेवढ्या काळाने तपासणी पुन्हा करून घ्यावी.