प्रोसेसर झोपला, फोन का तापला?

वरसावे नाक्यावर गाडी अडकली की दोन तऱ्हेचे चालक दिसतात. एक इंजिन बंद करून पुढची गाडी हलायची वाट पाहतो. दुसरा ते चालूच ठेवतो आणि जागच्या जागी पेट्रोल जाळतो. खाडीवर २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला, पण अशी वाट पाहणे घोडबंदरकरांना चांगलेच ठाऊक आहे.

प्रोसेसरचाही बराच वेळ वाट पाहण्यात जातो. कधी कळ दाबली जाण्याची, कधी टायमरच्या ठोक्याची. इंटेलच्या चिपमध्ये त्यासाठी ‘हॉल्ट’ ही सूचना आहे, मोबाइलमधल्या ‘आर्म’ चिपमध्ये ‘वेट फॉर इंटरप्ट’. ती मिळाली की प्रोसेसर गप्प पडतो. ‘इंटरप्ट’, म्हणजे बाहेरून हाक आली की उठतो. विंडोज ९५ ‘हॉल्ट’ वापरत नसे. रिकामा संगणकही तापे, म्हणून लोक ही सूचना देणारे छोटे प्रोग्रॅम वेगळे बसवत.

खरी पंचाईत होते इम्युलेटरमध्ये. इम्युलेटर म्हणजे एका यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. फोनवर जुन्या गेमबॉयचे खेळ चालतात ते त्याच्यामुळे. १९८९चा गेमबॉय चार पेन्सिल सेलवर चाले, त्यामुळे त्याच्या प्रोसेसरला मधूनमधून झोपवणे गरजेचेच होते. आता खेळ म्हणतो, ‘थांब’. आळशी इम्युलेटर ‘हाक आली का?’ असे अखंड विचारत राहतो. नकली प्रोसेसर झोपलेला, खरा मात्र घाम गाळतोय! तुमची बॅटरी अशीच संपते. शहाणा इम्युलेटर पुढची हाक कधी येणार याचा हिशेब करतो (गेमबॉयचा पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगतो) आणि तोवर फोनच्या प्रोसेसरलाही विश्रांती देतो.

यात एक सापळा आहे. हाक आली नाही हे पाहिले, झोपायला निघालो आणि नेमकी तेवढ्यात हाक आली तर? ती ऐकलीच जात नाही, यंत्र झोपूनच राहते. इंटेलने ही फट बुजवली आहे: ‘आता हाका ऐक’ ही सूचना एक पाऊल उशिरा लागू होते, म्हणजे तिच्या लगेच मागे आलेला ‘हॉल्ट’ आधी पार पडतो आणि हाक त्याला जागे करते. इम्युलेटरने हा उशीरही पाळायला हवा.

गेमबॉयच्या ‘हॉल्ट’मध्ये तर मुळातच एक दोष होता. इंटरप्ट बंद असताना एखादी हाक आधीच ताटकळत असेल, तर प्रोसेसर झोपत नसे, उलट पुढचा बाइट दोनदा वाचे. काटेकोर इम्युलेटर ती चूकसुद्धा जशीच्या तशी करतात.