कुलूप ओढून पाहिलं का?

गावाला निघताना आई दाराला कुलूप लावायची आणि मग ते दोनदा जोरात ओढून पाहायची. तोंडानं चालूच असायचं, ‘गॅस बंद, मोरीतला नळ बंद, मागची कडी लावली.’ खाली रिक्षा खोळंबलेली आणि वडील घड्याळाकडे बघत उभे. ‘अगं, आत्ताच लावलंस ना, मग ओढतेस कशाला?’ यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, ‘लावल्याचं आठवत नाहीये, म्हणून.’

तेव्हा आम्ही हसायचो. पुढे विमान अपघातांचे अहवाल वाचायचा नाद लागला, तेव्हा कळलं की आई बरोबर होती. हाताला पाठ झालेलं काम मेंदूच्या लेखी फारसं उरत नाही. कुलूप वर्षानुवर्षं लावणाऱ्यालाच ते आज लावलं की नाही, हे सांगता येत नाही. नवख्याला ते बरोबर आठवतं.

खासगी आणि कंपन्यांच्या विमानांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल, हवामानाबद्दल, वैमानिकाच्या अनुभवाबद्दल बोलतात. मला मात्र हे कुलूप आठवतं, कारण या क्षेत्रातला सगळ्यात शिकवून जाणारा अपघात अक्षरशः एका कुलपाचा आहे.

त्या कुलपाला ‘गस्ट लॉक’ म्हणतात. खिडक्या वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून आपण त्यांना आकडा लावतो, तसाच हा प्रकार. उभ्या विमानाच्या शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या हलत्या झडपा, म्हणजे एलेव्हेटर, रडर आणि एलेरॉन, वावटळीत हिसके खाऊन मोडू नयेत म्हणून त्या जागच्या जागी अडकवून ठेवतात. शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात, त्या सेस्ना १७२मध्ये तर हा निव्वळ एक धातूचा खिळा असतो. तो सुकाणूच्या दांड्याच्या भोकातून आरपार घालायचा आणि त्याला नजरेत भरेल अशी लाल पट्टी. मोठ्या बिझनेस जेटमध्ये त्याचीच लाल मूठ थ्रॉटलच्या शेजारी बसवलेली असते. उड्डाणापूर्वी ती खाली करायची, एवढंच काम.

३१ मे २०१४. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या बेडफर्डचा हॅन्सकम फील्ड विमानतळ, रात्रीचे पावणेदहा वाजत आलेले. गल्फस्ट्रीम जी-४ जातीचं विमान अटलांटिक सिटीला निघालं होतं. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वृत्तपत्राचे सहमालक लुईस कॅट्झ आणि आणखी तीन प्रवासी, एक सेविका आणि दोन वैमानिक, अशी सात माणसं. दोन्ही वैमानिक हजारो तास उडालेले आणि जवळजवळ बारा वर्षं एकमेकांबरोबर काम केलेले. एकमेकांच्या सवयी पाठ. अपघाताचं एक मूळ या ओळखीतच होतं, असं मला वाटतं.

इंजिनं सुरू झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एकही चेकलिस्ट मोठ्यानं वाचल्याचा आवाज नाही. धावपट्टीकडे जाताना रडरशी संबंधित एक दिवा लागला. त्यावर दोघांत शब्द-दोन शब्द झाले आणि विमान पुढे गेलं. टेकऑफसाठी धाव सुरू केली तेव्हा इंजिनांना हवी तेवढी शक्ती मिळेना. तरीही धाव चालूच राहिली. नाक उचलायची वेळ आली आणि सुकाणूचा दांडा हलेना. मुद्रणात ‘लॉक लागलंय’ अशा अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्या क्षणी ब्रेक दाबायला हवे होते. वैमानिकानं त्याऐवजी हायड्रॉलिक दाब तोडून धावत्या विमानातच कुलूप सोडवायचा प्रयत्न केला. ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठलेलं विमान धावपट्टी संपवून दिव्यांच्या खांबांना आणि अँटेनाला धडकत ओढ्याच्या घळीत गेलं आणि पेटलं. सातही जण गेले. कुलूप लागल्याचं बोलल्यापासून ११ सेकंदांच्या आत उड्डाण रद्द केलं असतं, तर विमान फरसबंद भागातच थांबलं असतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचं, म्हणजे एनटीएसबीचं म्हणणं पडलं.

दोष एकट्या वैमानिकांचा नव्हता. कुलूप लागलेलं असताना थ्रॉटल सहा अंशांपलीकडे सरकताच कामा नये, म्हणजे विसरलात तरी विमान धावणारच नाही, अशी त्या यंत्रणेची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात ते त्याच्या तिप्पट-चौपट सरकत होतं. मंजुरीच्या वेळी नकाशे तपासले गेले, तयार यंत्रणा चालवून पाहिली गेली नाही. म्हणजे तिथेही कुणी कुलूप ओढून पाहिलं नव्हतं!

पण अहवालातलं मला हादरवून गेलेलं वाक्य पुढेच आहे. विमानातल्या नोंदयंत्रात मागच्या १७५ टेकऑफची माहिती शिल्लक होती. दर टेकऑफपूर्वी वैमानिकानं सुकाणू पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून सगळ्या झडपा मोकळ्या आहेत ना, हे पाहायचं असतं. ‘कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट’ असं म्हणत दहा-पंधरा सेकंदांत उरकणारं काम. हेच विमानाचं कुलूप ओढून पाहणं, फक्त उलट्या बाजूनं, ते उघडलंय ना याची खात्री करण्यासाठी. या जोडीनं १७५ पैकी दोन वेळा ते पूर्ण केलं होतं आणि १६ वेळा अर्धवट. बाकी वेळी केलंच नव्हतं. आणि तरीही प्रत्येक वेळी विमान सुखरूप उडालं होतं. कुलूप ओढून न पाहता गावाला जाऊन आलो आणि घर जसंच्या तसं सापडलं, तर पुढच्या वेळी कोण ओढतो?

या गोष्टीला इतिहासाचा एक विचित्र पीळ आहे. वैमानिकांच्या हातात चेकलिस्ट आली, तीच मुळी गस्ट लॉकमुळे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं बॉम्बफेकी विमान लष्करासमोर चाचणीला उभं होतं. चालवायला मेजर प्लॉयर हिल, मुरलेला वैमानिक. विमान उडालं, सरळ वर चढत गेलं, वेग गमावून कोसळलं आणि जळालं. हिल आणि बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यात अंत झाला. यंत्रात बिघाड नव्हता, गस्ट लॉक काढायचं राहिलं होतं. लष्करानं मोठी मागणी दुसऱ्या कंपनीकडे नोंदवली. बोइंगची थोडीच विमानं चाचणीसाठी घेतली आणि त्यांच्या वैमानिकांनी एक उपाय शोधला. जास्त प्रशिक्षण हा तो उपाय नव्हता, कारण हिल यांच्यापेक्षा जास्त प्रशिक्षण द्यायचं तरी कुणाला? त्यांनी करायच्या कामांची छोटी यादी केली, उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात गाजलं. आणि त्या यादीच्या जन्मानंतर पाऊणशेहून जास्त वर्षांनी, कितीतरी अधिक प्रगत विमान, तेच कुलूप न काढल्यामुळे बेडफर्डला जळालं.

हा इतिहास जगभरच्या वाचकांपर्यंत नेला तो एका शल्यविशारदानं. अतुल गावंडे यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. २००९च्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात त्यांनी मॉडेल २९९ची कथा सांगितली आणि तीच युक्ती ऑपरेशन थिएटरमध्ये आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी यादी मोठ्यानं वाचायला लावली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पण गोष्ट इथे संपत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं हीच यादी सक्तीची केली. कागदोपत्री पालन जवळजवळ शंभर टक्के दिसत होतं, तरी मृत्यूंच्या आकड्यात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. हा अभ्यास प्रसिद्ध झाला मार्च २०१४ मध्ये, बेडफर्डच्या अडीच महिने आधी. त्याच्या कारणांवर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर टिकमार्क करणं आणि पाहणं यांत जे अंतर आहे, त्यात हा फरक हरवला.

नासासाठी असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० साली कॉकपिटमधल्या चेकलिस्टचा अभ्यास केला होता. त्यांना आढळलं की वैमानिक स्विचकडे पाहतो, पण पुष्कळदा तो स्विच जिथे असायला हवा तिथेच त्याला ‘दिसतो’. हजार वेळा बरोबर असलेली गोष्ट एक हजार एकाव्या वेळी चुकलेली असली, तरी डोळा ती बरोबर म्हणून सांगतो. म्हणून हात लावून, तोंडानं बोलून पाहायचं. जपानी रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्यानं म्हणतात. परदेशी पर्यटकांना त्याची गंमत वाटते, चालकांना मात्र नाही.

हे सगळं मोठ्या विमान कंपन्यांनाही लागू आहे, मग खासगी विमानांबद्दल वेगळं काय सांगायचं? मोठ्या कंपनीत आज शेजारी बसलेला वैमानिक उद्या बदललेला असतो. अनोळखी माणसासमोर आपण पद्धत पाळतो. त्याच दोघांनी बारा वर्षं एकत्र उडणं हे बिझनेस जेटमध्येच घडतं. शिवाय मालक किंवा बडा ग्राहक चार हात मागे बसलेला असतो. २९ मार्च २००१ रोजी कोलोरॅडोतल्या ॲस्पेन या डोंगरी विमानतळावर अंधारात, बर्फ पडत असताना उतरू पाहणारं चार्टर गल्फस्ट्रीम कोसळून १८ जण दगावले. विमान दुसरीकडे उतरवावं लागू शकेल हे कळल्यावर ग्राहक चिडला होता आणि तो निरोप वैमानिकांपर्यंत पोहोचला होता. एनटीएसबीनं या दबावाची नोंद अपघाताच्या कारणांत केली. निवडणुकीच्या मोसमात एका दिवसात चार सभा गाठणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या विमान-हेलिकॉप्टरांकडे पाहताना मला ॲस्पेन आठवतं. ‘साहेब येऊन बसलेत’ या तीन शब्दांचं वजन कुठल्याच उपकरणावर दिसत नाही.

बेडफर्डची जोडी अपवाद होती का? अमेरिकेतल्या बिझनेस विमानांच्या संघटनेनं २०१३ ते २०१५ मधल्या १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. सुमारे १८ टक्के उड्डाणांत झडपांची तपासणी पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे दर सहा उड्डाणांमागे एक तरी!

आणि इथेच मला उपाय दिसतो. प्रवासी विमान कंपन्यांत प्रत्येक उड्डाणाची नोंद संगणकात उतरवून घेतात आणि वाचतात. ब्रिटनमध्ये ही सुरुवात १९६०च्या दशकात झाली. आपल्याकडेही प्रवासी कंपन्यांना ते बंधनकारक आहे. उतरताना वेग जास्त होता का, तपासणी राहिली का, हे अपघात न होताच कळतं. यातली एक अट फार नाजूक आहे. नोंद वाचून वैमानिकाला शिक्षा करायला लागलात, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी काही बोलणार नाही. म्हणून नावं झाकून, कल पाहून, प्रशिक्षणात बदल करायचा असतो. एखाददुसरं विमान बाळगणाऱ्या कंपनीत नावं झाकणार कशी, ही खरी अडचण आहे. दोनच वैमानिक असले तर कुणाचं काय, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यावर तोड म्हणून अनेक छोट्या मालकांच्या नोंदी एकत्र करून बाहेरच्या तज्ज्ञांकडून वाचून घेतल्या जातात.

यंत्रं महाग आहेत ही सबबही आता उरलेली नाही. डिजिटल पडद्यांच्या कॉकपिटचं चार आसनी विमानसुद्धा उड्डाणाची नोंद छोट्याशा एसडी कार्डावर ठेवतं. बेडफर्डच्या विमानातही नोंद होतच होती. ती उघडून वैमानिकांची सवय पाहिली गेली, ती सात माणसं गेल्यावर.

तुमची कंपनी विमान बाळगत असेल, किंवा पुढच्या महिन्यात तुम्ही ते भाड्यानं घेणार असाल, तर विमान किती नवं आहे आणि वैमानिकाचे तास किती, हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा, मागच्या महिन्यातल्या उड्डाणांच्या नोंदी कुणी वाचल्या? उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर दुसरं विमान बघा. आणि निघताना वैमानिक धावपट्टीच्या तोंडाशी थांबून सुकाणू चारी बाजूंना फिरवत असेल, तर घड्याळाकडे बघू नका.